मात्रा सांगा, मग उपचार म्हणा

‘माणसाचं शरीर विजेवर चालतं. रक्तात लोखंड असतं. लोखंडाला चुंबक ओढतं. म्हणून चुंबकाच्या गादीवर झोपलं की रक्ताभिसरण सुधारतं आणि गुडघेदुखी, मधुमेह, रक्तदाब सगळं आटोक्यात येतं.’

चार वाक्यांचा हा युक्तिवाद वसईच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं फिरतो आहे. आमच्या वटार गावात तो ‘मोफत आरोग्य शिबिर’ म्हणून येतो. हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या जातात, ‘काका, या; मावशी, पुढे बसा’ असं अगत्य होतं आणि तासाभराने बोलणं दरपत्रकावर येतं: गादी, कमरपट्टा, गुडघ्याचा पट्टा, ब्रेसलेट, पाण्याचा चुंबकी जग. ऐकायला बसलेले बहुतेक जण साठीच्या पुढचे असतात. उभा जन्म वाडीत वाकून काढल्यामुळे त्यांचे गुडघे खरोखरच झिजलेले असतात. दुखणं खरं, वेदना खरी, पैसाही घामाचा. म्हणून या युक्तिवादाला हसून सोडून देणं मला पटत नाही. त्याला मुद्द्याने उत्तर द्यायला हवं.

उत्तराची सुरुवात मी होकाराने करतो. शरीर विजेवर चालतं हे खरं आहे. रक्तात लोह असतं हे खरं आहे. चुंबकाने काही आजारांवर उपचार होतात हेसुद्धा खरं आहे. पण या तिन्हींच्या आडून जो माल विकला जातो, त्याचा या तिन्हींशी संबंध नाही. वीज असो की चुंबक, शरीरावर त्यांचा परिणाम होतो तेव्हा तो मोजता येतो. किती ताकद, शरीराच्या कोणत्या भागाला, किती वेळ, आणि जास्त झाली तर काय बिघडेल हे सांगता येतं. वैद्यकात याला मात्रा म्हणतात. मात्रा ज्याला सांगता येत नाही त्याच्याकडे विकायला वस्तू असेल, उपचार नसतो.

आधी विजेचं बघू. इटलीतल्या बोलोन्या शहरात लुइजी गॅल्वानी याने कापलेल्या बेडकाच्या पायाला दोन वेगवेगळे धातू टेकवले, तेव्हा मेलेला पाय झटक्याने हलला. त्याने हे प्रयोग १७९१ मध्ये छापले आणि प्राण्यांच्या शरीरात वीज असते असं मांडलं. अलेस्सांद्रो व्होल्टा म्हणाला, वीज त्या दोन धातूंमुळे आली. दोघांचंही थोडं थोडं खरं होतं. व्होल्टाच्या हट्टातून १८०० मध्ये बॅटरी जन्माला आली, आणि गॅल्वानीचं म्हणणं नेमकं कसं खरं आहे ते कळायला १९५२ साल उजाडलं. हॉजकिन आणि हक्स्ली या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी त्यासाठी म्हाकूळ निवडली, तीच जी आपल्या कोळणींच्या टोपलीत असते. तिच्या अंगातला एक मज्जातंतू इतका जाड असतो की त्यात तार घालून विजेचा दाब मोजता येतो. पेशीच्या आत आणि बाहेर सुमारे ७० मिलिव्होल्टचा फरक असतो. पेशीच्या पडद्यातले मार्ग क्षणभर उघडले की सोडियम आत येतं, पोटॅशियम बाहेर जातं, आणि हा बदल तंतूवरून पुढे पुढे सरकतो. मेंदूचा निरोप बोटापर्यंत जातो तो असा.

म्हणजे शरीरातली वीज महावितरणच्या तारेतली वीज नव्हे. ती क्षारांच्या पाण्यात हलणाऱ्या कणांची वीज आहे. म्हणूनच जुलाब-उलट्यांनी पोटॅशियम फार उतरलं की हृदयाचे ठोके चुकतात. शरीरातली वीज बिघडणं म्हणजे काय, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. अशा रोग्याला डॉक्टर रक्त तपासून, मोजून, सावकाश पोटॅशियम देतात, कारण घाईने जास्त गेलं तर हृदय थांबू शकतं. ‘शरीराची वीज संतुलित करतो’ असं म्हणणाऱ्या विक्रेत्याने सांगावं की त्याचा पट्टा यातलं नेमकं काय करतो. सोडियम हलवतो की पोटॅशियम? किती? आणि ते मोजायचं कशाने? या प्रश्नांवर मी आजवर उत्तर ऐकलेलं नाही. मी ऐकलं आहे ते ‘ऊर्जा’, ‘लहरी’ आणि ‘सकारात्मक कंपनं’ एवढंच.

आता रक्तातल्या लोखंडाकडे येऊ. प्रौढ माणसाच्या अंगात सगळं मिळून तीन-चार ग्रॅम लोह असतं. पण ते खिळ्यातल्या लोखंडासारखं धातूरूपात नसतं. रक्तातल्या लोहाचा जवळजवळ प्रत्येक अणू हिमोग्लोबिनच्या रेणूत जखडलेला असतो. चुंबक खिळ्याला ओढतं, कारण खिळ्यातले अब्जावधी अणू एकमेकांना साथ देत एका दिशेने उभे राहतात. हिमोग्लोबिनमधले सुटे अणू तसं करू शकत नाहीत. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी १९३६ मध्ये हिमोग्लोबिनचं चुंबकत्व मोजलं. प्राणवायू सोडून दिलेल्या हिमोग्लोबिनला चुंबक अगदी किंचित ओढतं आणि प्राणवायू घेतलेल्या हिमोग्लोबिनला किंचित दूर ढकलतं. म्हणजे ज्या लाल, ताज्या रक्ताला चुंबकाने ओढून गुडघ्याकडे न्यायचं म्हणतात, त्याला चुंबकाची ओढच नाही.

कुणी म्हणेल, किंचित का होईना, परिणाम आहेच ना. या किंचितची परीक्षा जगात रोज होते. एमआरआय यंत्राचं चुंबक साधारण दीड किंवा तीन टेस्लाचं असतं. आपल्याकडचं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुमारे ४० मायक्रोटेस्ला आहे. म्हणजे दीड टेस्लाच्या यंत्रात माणूस पृथ्वीच्या पस्तीस हजारपटींहून जास्त ताकदीच्या क्षेत्रात झोपतो. गादीतल्या चुंबकाच्या अगदी अंगावर मोजलं तरी क्षेत्र याच्या एका लहानशा अंशाएवढं भरतं आणि चुंबकापासून दूर जाताना ते झपाट्याने घसरतं. घरी पट्टा असेल तर त्यावर टाचणी धरून बघा, मग मध्ये जाड चादरीच्या घड्या घालत जा. काही घड्यांनंतर टाचणी पडते. चादरीने चुंबकाला अडवलेलं नसतं, फक्त अंतर वाढलेलं असतं. कातडीपासून गुडघ्याच्या सांध्यापर्यंतचं अंतर त्या घड्यांपेक्षा कमी नाही.

एमआरआयचं चुंबक काय करू शकतं हे मुंबईने डोळ्यांनी पाहिलं आहे. २७ जानेवारी २०१८ रोजी नायर रुग्णालयात ३२ वर्षांचा एक तरुण आजारी नातेवाइकासोबत एमआरआयच्या खोलीत गेला. हातात ऑक्सिजनचा सिलिंडर होता. यंत्राने सिलिंडर खेचला, त्याच्याबरोबर तोही खेचला गेला आणि त्याचा जीव गेला. त्याआधी नोव्हेंबर २०१४ मध्ये टाटा मेमोरियलच्या खारघरच्या केंद्रात सिलिंडर आणि यंत्र यांच्यामध्ये दोन कर्मचारी सापडले आणि सुमारे चार तास अडकून राहिले. एमआरआयचं चुंबक ‘बंद’ नसतं. तपासणी चालू नसतानाही ते तितक्याच ताकदीने ओढत असतं. लोखंडी सिलिंडरला माणसासकट खेचणारं हे चुंबक त्याच खोलीत झोपलेल्या रोग्याच्या रक्ताला काही करत नाही. रोगी अर्धा तास आत राहतो, बाहेर येतो, आणि गुडघा आधी होता तसाच दुखत असतो. मधुमेह तेवढाच, रक्तदाबही तेवढाच. चुंबकाने हे आजार बरे होत असते, तर जगभर एमआरआयमध्ये झोपून आलेली कोट्यवधी माणसं आज ठणठणीत असती. गादीचा दावा मोडायला मला याहून मोठा पुरावा लागत नाही.

‘पण एमआरआय डॉक्टरच वापरतात ना?’ हा शिबिरातला हुकमी प्रश्न आहे. वापरतात, पण तपासणीसाठी. शरीरातल्या पाण्यात हायड्रोजन असतो. जोरदार चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजनच्या अणुकेंद्रांना रेडिओलहरींचा धक्का दिला की ती परत मूळ स्थितीला येताना बारीक संदेश सोडतात, आणि त्या संदेशांवरून आतलं चित्र तयार होतं. चित्र काढणं वेगळं आणि रोग बरा करणं वेगळं. शरीरावर होणारे परिणामही डॉक्टर लपवत नाहीत. जास्त ताकदीच्या यंत्रात डोकं पटकन हलवलं तर गरगरू शकतं. तपासणीच्या लहरींनी अंग थोडं तापतं, म्हणून किती तापू द्यायचं याची मर्यादा ठरलेली आहे. याला मात्रा म्हणतात.

पृथ्वीच्या चुंबकत्वाचाही या व्यापारात हात धरला जातो. ‘आपले पूर्वज उत्तरेकडे डोकं करून झोपू नका म्हणायचे, ते उगाच नाही.’ पूर्वजांचा रिवाज ज्याला पाळायचा त्याने श्रद्धेने पाळावा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याला चुंबकाचा पुरावा म्हणून उभं करू नका. पृथ्वीचं चुंबकत्व मोजण्याचं काम आपल्याच किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून ही मोजणी होत होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहाने नाजूक उपकरणांची मोजणी बिघडणार म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलवलं गेलं. १८५९ च्या सप्टेंबरमध्ये सूर्यावरून उठलेलं प्रचंड चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळलं, त्याची नोंद कुलाब्याला झाली. त्या दिवशी कुलाब्याचं क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने ढळलं. युरोप-अमेरिकेत तारयंत्रांतून ठिणग्या उडाल्या. नोंदलेल्या इतिहासातलं हे सर्वांत मोठं वादळ, पण तेही सुमारे दीड मायक्रोटेस्लाचं, म्हणजे पृथ्वीच्या नेहमीच्या क्षेत्राच्या चार टक्क्यांचं. तारेच्या यंत्रणा कोलमडल्या. मुंबईकरांचे गुडघे बरेही झाले नाहीत आणि बिघडलेही नाहीत.

मग चुंबकाने होणारा खरा उपचार कोणता? मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं की चुंबकीय क्षेत्र बदलत असेल तरच जवळच्या वाहकात वीज निर्माण होते. स्थिर चुंबक कितीही वेळ शेजारी ठेवा, वीज निर्माण होत नाही. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या अँथनी बार्कर यांनी १९८५ मध्ये हाच नियम वापरून डोक्याबाहेरून मेंदूला चेतना दिली. कवटीवर धरलेल्या वेटोळ्यातून एक जोरदार स्पंद सोडायचा, इतका अल्प की तो मिलिसेकंदाच्याही आत संपतो. क्षेत्र क्षणात चढतं आणि उतरतं, म्हणून खालच्या मेंदूच्या पेशीत वीज उठते. औषधांनी न हटणाऱ्या नैराश्यासाठी या उपचाराला अमेरिकेत २००८ मध्ये मान्यता मिळाली, आणि आज तो भारतातल्या मोठ्या शहरांतही होतो. न जुळणाऱ्या हाडांसाठी बदलत्या चुंबकीय स्पंदांच्या उपकरणाला त्याहीआधी, १९७९ मध्ये, मान्यता मिळाली होती. या उपचारांत जागा ठरलेली असते, स्पंदांची संख्या ठरलेली असते, ताकद प्रत्येक रोग्यागणिक मोजली जाते. मेंदूच्या उपचारात क्वचित आकडी येऊ शकते, म्हणून आधी विचारपूस होते. गादीतलं चुंबक जागेवर निश्चल पडून असतं. फॅरडेच्या नियमाने ते गुडघ्यात वीज निर्माण करू शकत नाही. दोन्ही ठिकाणी चुंबक आहे एवढ्यावरून गादीला त्या उपचाराची प्रतिष्ठा देणं ही सरळ दिशाभूल आहे.

इथवर पोचलं की विक्रेता पुस्तक मिटतो आणि म्हणतो, ‘ते विज्ञान राहू द्या. लोकांना अनुभव आलाय.’ अनुभवाचा मान मीही ठेवतो. म्हणून शिबिरातला अनुभव कसा घडवला जातो ते जवळून पाहू.

एका काकांना पुढे बोलावतात. उजवा हात खांद्याच्या रेषेत आडवा, ताठ धरायला सांगतात. दाखवणारा त्यांच्या मनगटावर दाब देतो. काकांचा तोल जातो, ते बाजूला झुकतात. मग त्यांच्या दुसऱ्या हातात चुंबकाचं कार्ड देतात. पुन्हा हात आडवा, पुन्हा दाब. या वेळी काका जागचे हलत नाहीत. टाळ्या पडतात. दाबणाऱ्याच्या हाताकडे नीट बघा. पहिल्यांदा तो दाब थोडा बाहेर, अंगापासून दूर नेत देतो, त्याने कुणाचाही तोल जाईल. दुसऱ्यांदा तोच दाब किंचित आत, पायांच्या दिशेने येतो, आणि शरीराचा भार पायांवर स्थिर राहतो. त्यातून काका आता तयारीत उभे असतात. खरी परीक्षा करायची असेल तर एक चुंबकाचं आणि एक साधं कार्ड सारख्या पाकिटांत घाला. कोणत्या पाकिटात काय आहे हे काकांनाही कळू देऊ नका आणि दाबणाऱ्यालाही. मग वीस वेळा करून बघा. अशा परीक्षेला किती विक्रेते तयार होतात ते वटारकरांनी स्वतः पाहावं.

ही परीक्षा नवीन नाही. १७८४ मध्ये पॅरिसात फ्रांझ मेस्मर या डॉक्टरच्या ‘प्राणिज चुंबकत्वा’ने धुमाकूळ घातला होता. राजाने चौकशी समिती नेमली. अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन तिचे प्रमुख होते आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए सदस्य. फ्रँकलिन राहत होते त्या घराच्या बागेतलं एक झाड मेस्मरच्या शिष्याने ‘चुंबकित’ केलं आणि बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून झाडांजवळ नेलं. मुलाला चक्कर आली, तो बेशुद्ध पडला, पण भलत्याच झाडापाशी. समितीने निष्कर्ष काढला की परिणाम होतो तो कल्पनेचा, चुंबकत्वाचा नाही. हीच पद्धत वापरून आजच्या काळातही चुंबकांची परीक्षा झाली. वेदनेवर स्थिर चुंबकाच्या उपयोगाच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा २००७ मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात आला. वेदना कमी करण्यासाठी स्थिर चुंबक वापरावं याला त्यातून आधार मिळाला नाही. इंग्लंडमध्ये चुंबकी मनगटपट्ट्यांच्या चाचण्या झिजलेल्या सांध्यांवर आणि आमवातावर स्वतंत्रपणे झाल्या. खरा पट्टा आणि खोटा पट्टा यांच्यात अर्थपूर्ण फरक दिसला नाही.

मग मावशींना बरं वाटलं ते खोटं का? मावशी खोटं बोलत नाहीत. सांध्याच्या झिजेचं दुखणं भरती-ओहोटीसारखं असतं. माणूस गादी घेतो ते दुखणं शिगेला पोचलेलं असताना, आणि शिगेला पोचलेलं दुखणं काही आठवड्यांत बहुधा उतरतंच. त्यात नवीन गादीचा आराम, कुणीतरी तासभर आपुलकीने विचारपूस केलेली आणि हजारो रुपये मोजल्यावर गुण यावा अशी मनाची ओढ. हे सगळं मिळून खरंच थोडं बरं वाटतं. पण याचं श्रेय चुंबकाला देऊन त्याचे पैसे वसूल करणं हा अन्याय आहे.

‘ठीक आहे, गुण येत नसेल. पण अपाय तरी नाही ना?’ या प्रश्नाने बरेच जण गप्प होतात. गप्प व्हायचं कारण नाही, कारण अपाय आहे. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे, त्यांच्या छातीजवळ जोरदार चुंबक आलं तर पेसमेकर आपली नेहमीची पद्धत सोडून ठरावीक गतीने ठोके देऊ लागतो. हृदयाची गती बिघडली की आपोआप झटका देणारं उपकरण बसवलेलं असेल, तर चुंबकामुळे तो झटका रोखला जाऊ शकतो. नेमक्या गरजेच्या क्षणी. शिबिरात छातीला पट्टा लावण्याआधी ‘पेसमेकर आहे का’ असं किती जण विचारतात? घरातल्या तान्ह्या पोराने दोन छोटी चुंबकं गिळली तर ती आतड्याच्या दोन वेढ्यांना चिमटीत पकडतात आणि आतड्याला भोक पडतं. तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. याहून मोठा जो अपाय आहे तो पटकन दिसत नाही, कारण तो हळूहळू होतो. पट्ट्यावर भरवसा ठेवून कुणी इन्सुलिन सोडतं, कुणी रक्तदाबाची गोळी अर्धी करतं. डोळे, मूत्रपिंड, पाय यांचं जे नुकसान होतं ते दोन-चार वर्षांनी कळतं, आणि तोवर शिबिरवाल्याचा नंबर बंद झालेला असतो.

विजेच्या नावाने चाललेल्या एका चुकीने तर जीवच जाऊ शकतो. सर्पदंशाला विजेचा झटका द्यावा अशी कल्पना १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये इक्वेडोरहून आलेल्या एका पत्रामुळे जगभर पसरली. नंतरच्या प्रयोगांत ती टिकली नाही. घोणस किंवा मण्यार चावलेल्या माणसाला मोटरसायकलच्या प्लगचा झटका देत बसण्यात जो वेळ जातो, तोच त्याला जगवणारा वेळ असतो. त्याला लागतं ते प्रतिविष आणि ते देणारं इस्पितळ.

एवढं बोलल्यावर मला उलट्या बाजूच्या भीतीबद्दलही बोललं पाहिजे, कारण तीही याच अज्ञानातून येते. जो माणूस गादीतल्या चुंबकावर डोळे मिटून विश्वास ठेवतो, तोच डॉक्टरने सांगितलेल्या ‘शॉक’ उपचाराचं नाव ऐकून पळतो. हा उपचार १९३८ मध्ये रोममध्ये सुरू झाला. सिनेमांनी त्याचं जे भीषण चित्र दाखवलं, त्याचा आजच्या पद्धतीशी संबंध नाही. आज रोग्याला भूल दिली जाते, स्नायू शिथिल करणारं औषध दिलं जातं, काही सेकंद मोजून विजेचे स्पंद दिले जातात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल आणि शिथिलक न देता हा उपचार करण्यास बंदीच घातली आहे, आणि अल्पवयीन रोग्यासाठी पालकांच्या संमतीबरोबर त्या कायद्याखाली नेमलेल्या मंडळाची पूर्वपरवानगी लागते. या उपचारानंतर काही काळाची स्मृती पुसट होऊ शकते, हे डॉक्टर आधी सांगतात. खाणं-पिणं सोडून जीव द्यायला निघालेल्या माणसाला या उपचाराने परत आणता येतं. हा उपचार नाकारून रोग्याच्या उशाशी चुंबक ठेवणाऱ्या घरांची मला कळकळीने काळजी वाटते.

आता विजेच्या खऱ्या धोक्याबद्दल. वटारात तो गादीखाली नसतो, वाडीत असतो. विहिरीवरची किंवा बावखलावरची, म्हणजे वाडीतल्या तळ्यावरची, जुनी मोटर बघा. लाकडी फळीवर ठोकलेला स्टार्टर, केबलच्या जोडावर गुंडाळलेली आणि उन्हाने सुटत आलेली काळी टेप, लोखंडी पाइप आणि खाली केळीच्या दांडातली ओल. मोटर चालू करायला जाणाऱ्याच्या पायात चप्पल नसते. मोटरला हात लागला की मुंग्या येतात, आणि घरचे म्हणतात, ‘ती थोडा करंट मारते, सवय आहे.’ या ‘थोड्या’ची मात्रा पाहा. कोरड्या कातडीचा विरोध पुष्कळ असतो. ओल्या अंगाचा तो हजार ओहमच्या आसपास उतरतो. २३० व्होल्टला हजार ओहमने भागलं की २३० मिलिअँपिअर. दहा-पंधरा मिलिअँपिअरला मूठ आवळते आणि तार सोडवत नाही. पन्नास ते शंभरच्या पुढे हृदयाचे स्नायू ताल सोडून नुसते थरथरतात आणि रक्त पुढे ढकललं जात नाही. देशात दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसं विजेच्या धक्क्याने मरतात. २०२३ च्या एप्रिलमध्ये विरारच्या कारगिल नगरात आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीतल्या गाडीवरचा लोखंडी दांडा ट्रान्सफॉर्मरला लागला आणि दोघांचा जीव गेला. हे आपल्या महापालिकेच्या हद्दीत घडलेलं आहे.

हा धोका टाळण्याचा उपायही मात्रेचाच आहे. गळणारा प्रवाह ३० मिलिअँपिअरला पोचला की क्षणात वीज तोडणारा ब्रेकर मिळतो. गादीच्या किमतीच्या लहानशा हिश्शात तो घराच्या आणि मोटरच्या लाइनीवर बसतो. सोबत अर्थिंगचा खड्डा नीट हवा, मीठ-कोळसा घालून वेळोवेळी पाणी दिलेला. कुणाला शॉक लागलाच तर आधी मेन बंद करा, मग हात लावा. श्वास थांबला असेल तर छाती दाबायला सुरुवात करा आणि इस्पितळ गाठा. तिथे डॉक्टर त्याच विजेने थरथरणारं हृदय पुन्हा तालावर आणतात. त्या यंत्राचा झटका १५०-२०० ज्यूलचा, छातीवर ठरलेल्या जागी, सुमारे दहा मिलिसेकंदांचा असतो. वाडीतल्या तारेने ताल चुकवलेलं हृदय त्या यंत्राने तालावर येतं. वीज दोन्हीकडे तीच, फरक मात्रेचा. माझा सगळा मुद्दा या एका उदाहरणात आला.

म्हणून माझ्या मागण्या सरळ आहेत. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ पासून अस्तित्वात आहे. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, संधिवात, अर्धांगवायू, कर्करोग हे त्याच्या सूचीतले आजार आहेत, आणि ते बरे करण्याच्या जाहिराती करणं गुन्हा आहे. शिबिरात असा दावा झाला तर पत्रक जपून ठेवा, बिल मागा, आणि अन्न व औषध प्रशासनाकडे व पोलिसांकडे लेखी तक्रार करा. घरातल्या शिकलेल्या मुला-नातवांनी आजी-आजोबांना खडसावण्यापेक्षा त्यांच्यासोबत शिबिराला जावं आणि सगळ्यांसमोर विचारावं: चुंबकाची ताकद किती टेस्ला आहे? सांध्यापर्यंत पोचते किती? किती दिवस वापरल्यावर गुण आला नाही तर पैसे परत? पेसमेकरवाल्याला चालेल का? गावातले हॉल, समाजमंदिरं आणि मंडळं चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे, आणि गरज पडली तर आग्रहही: आरोग्याच्या नावाने जागा मागायला जो येईल, त्याच्याकडून या प्रश्नांची उत्तरं आधी लेखी घ्या. ज्याला मात्रा सांगता येत नाही, त्याला आपल्या हॉलची किल्ली मिळता कामा नये.